पौषातलं गोडधोड: लालबाग, दादर, प्रभादेवी

शनिवार

भाच्याच्या मुलीचं बोरन्हाण संक्रांतीलाच करायचं ठरलं आणि दादाचा फोन आला, "तू आधीच ये गं, हलव्याचे दागिने तुझ्याशिवाय कोण पारखणार?" महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री कोल्हापूर सोडलं आणि सकाळी दादरला उतरले. दादा फलाटावर उभाच होता. घरी लालबागला जाऊन अंघोळ-चहा उरकला. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि दादा त्यात सतराव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून चिवडा गल्लीची पत्र्याची छपरं दिसतात. तळणीचा वास मात्र तिथवर चढत नाही.

अकराच्या सुमारास आम्ही परत दादरला. सोबत भाच्याची बायको, कडेवर दहा महिन्यांची आमची नात. रानडे रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. तिळगुळाच्या वड्या, गुळाच्या पोळ्या, वाणाच्या वस्तू, सुगडी, ऊस, ओला हरभरा, बोरं. आणि दुकानादुकानांत काळ्या मखमलीवर मांडलेले हलव्याचे दागिने. नव्या नवरीसाठी मुकुट, बिंदी, कर्णफुलं, मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा. जावयासाठी हार आणि नारळ. बाळांसाठी छोटे मुकुट, बासरी, वाळे.

मी दागिना हातात घेतला की आधी दाणा बघते. हाताने केलेल्या हलव्याचे काटे कमी-जास्त असतात, एका अंगाने टोकदार, दुसऱ्या अंगाने जरा बोथट. यंत्रावर फिरवलेला दाणा चहूबाजूंनी सारखा येतो. दुकानात होते त्यांतले बहुतेक यंत्राचे. तिसऱ्या की चौथ्या दुकानात एक बाई आपल्या घरचाच माल घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या बोटांची टोकं बघितली आणि मी भाव न करता मुकुट, हार, बाजूबंद, वाळे असा सगळा संच उचलला. दादा म्हणाला, "अगं, जरा घासाघीस तरी करायची." त्या बोटांशी घासाघीस माझ्याकडून होणार नाही. का, ते पुढे येईलच.

दुपारी शिवसेना भवनाजवळच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. लहानपणी पियूष म्हणजे वार्षिक परीक्षेचा निकाल. चौघांत दोन पेले, आणि तळाशी राहिलेलं जायफळाचं ते पिवळट घोटभर कुणी प्यायचं यावर माझं आणि दादाचं भांडण. आज प्रत्येकाला वेगळा पेला होता. दादाने आपल्या पेल्यातलं शेवटचं घोटभर न बोलता माझ्यापुढे सरकवलं. मी प्यायले.

रविवार

मावशीकडे पार्ल्याला. मावशी ऐंशी पार करून गेली आहे आणि अजून स्वतः खरवस करते.

लालबागच्या मुलांना पार्ल्याला जाणं म्हणजे सहल होती. लोकल पार्ल्याजवळ आली की डब्यात बिस्किटांचा वास शिरायचा, कोमट, दुधाळ, थोडा करपलेला. आम्ही डोळे मिटून बसायचो आणि वास आला की ओरडायचो, "आलं पार्लं!" स्टेशनाची पाटी वाचायची गरजच नसायची. तो कारखाना १९२९ साली सुरू झाला तो गोळ्या-पेपरमिंटसाठी. बिस्किटं आली १९३९ मध्ये. आमच्या लहानपणी पुड्यावर 'पार्ले ग्लुको' असायचं, 'पार्ले-जी' झालं ते ऐंशीच्या दशकात. २०१६ मध्ये पार्ल्याचा हा कारखाना बंद झाला. आज दादा आणि मी दारातच उभे होतो. अंधेरीहून येणारा वारा नुसता वारा होता. एका सबंध उपनगराला स्वतःचा वास होता आणि तो गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इमारती पडल्या तर फोटो तरी राहतात.

मावशीकडे गोरेगावच्या तबेल्यातला भैया अजून चीक आणून देतो. म्हैस व्यायली की आधी रेडकाचं पोट, मग घरचे, मग मावशीसारखी जुनी गिऱ्हाइकं, असा त्याचा क्रम आहे. त्यामुळे खरवस मागून मिळत नाही, तो येतो तेव्हा खायचा. योगायोगाने शुक्रवारी एक म्हैस व्यायली होती. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो की त्यात साधं दूध घातल्याशिवाय वडी रबरासारखी होते. मावशीचं प्रमाण डोळ्याचं आहे. किती दूध विचारलं तर म्हणाली, "चमच्यावरून कसं पडतं ते बघायचं." गूळ, वेलदोडा, जायफळ, वरून केशराच्या दोन काड्या आणि कुकरमध्ये शिटी न लावता वाफ. सुरी घातली की कडेला गुळाचं पाणी सुटतं. चायना ग्रासवर थिजवलेला खरवस आता बाराही महिने डब्यांतून मिळतो. ज्यांनी खरा खाल्ला नाही त्यांनी तो खुशाल खावा, पण मावशीची एक वडी खाल्ल्यावर त्याला खरवस म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मावशीने आईची आठवण काढली. म्हणाली, "तुझी आई गिरणी संपाच्या दिवसांत इथवर चालत आलेली एकदा. दादरपर्यंत लोकलने आणि पुढे चालत. तिकिटाचे पैसे वाचवायला." हे मला ठाऊक नव्हतं. दादाला होतं.

येताना माहीमला उतरलो. माहीम हलव्याची पातळ पानं, मध्ये कागद, वर बदामाचे काप. आईला हा हलवा आवडायचा नाही आणि अण्णांना फार आवडायचा, म्हणून तो आमच्या घरी अण्णांच्या वाढदिवसालाच यायचा. कागदाला चिकटलेला पापुद्रा दातांनी ओढून काढायचा मान माझा. दादाच्या सुनेने तो कागद फेकायला उचलला तेव्हा मी आणि दादा एकदमच "थांब" म्हणालो.

सोमवार, भोगी

पहाटे पाचला उठलो. दादा म्हणाला होता, "मेरवानचा मावा केक खायचा तर सूर्याच्या आधी." ग्रँट रोड स्थानकासमोरचं बी. मेरवान १९१४ पासूनचं. २०१४ साली, शंभरी भरतानाच, ते बंद होणार अशी बातमी पसरली आणि मुंबईभरातून माणसं शेवटचा केक खायला रांगा लावून उभी राहिली. सुदैवाने पुढे ते पुन्हा उघडलं. आम्ही पोचलो तेव्हा ट्रे नुकतेच बाहेर येत होते. कागदाच्या वाटीतला छोटा केक, वरून तपकिरी, आत खव्याने जड, वेलदोड्याचा वास. गरम असताना कागद सोलला तर निम्मा केक कागदालाच राहतो, म्हणून आधी चहा घ्यायचा आणि केक जरा निवू द्यायचा. आमचे धाकटे काका मुंबई सेंट्रलला एसटीत होते. रात्रीची ड्युटी संपली की पिशवीत हे केक घेऊन ते थेट लालबागला यायचे आणि आम्हाला झोपेतून उठवायचे. शाळेच्या दिवशी पहाटे साडेसहाला, दात न घासता केक. आई रागवायची आणि काका म्हणायचे, "वहिनी, हा नंतर मिळत नाही."

घरी येऊन तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि घेवडा, वांगं, गाजर, हरभरा, बोरं घातलेली भोगीची भाजी. त्याबद्दल फार लिहीत नाही. वहिनीच्या हाताला चव आहे, एवढंच.

आज पौष पौर्णिमा. संध्याकाळी प्रभादेवीची जत्रा सुरू झाली.

देऊळ तीनशे वर्षांच्या घरातलं. आत प्रभावती, चंडिका, कालिका. शाकंभरी पौर्णिमेला जत्रा भरते आणि पुढे आठ-दहा दिवस चालते. गिरणगावात राहिलेल्या प्रत्येकाच्या अंगात ही जत्रा आहे. आकाशपाळणा, फुगे, पिपाण्या, बांगड्या हे सगळीकडेच असतं. इथलं वेगळं म्हणजे खाजं. बेसनाच्या शेवेच्या बोटभर कांड्या, त्यांवर आलं घातलेल्या गुळाचा पाक, पाक सुकत आला की कांड्या पांढरट होतात. शेजारी शेवेचे खडखडे लाडू, दाताने नाही तर बत्त्यानेच फुटणारे. परळ, लोअर परळ, प्रभादेवीच्या गिरण्यांत पुष्कळसा माणूस कोकणातला. त्यामुळे मालवणच्या जत्रेतली मिठाई मुंबईच्या जत्रेत आली आणि इथलीच झाली.

अण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. पगाराच्या दिवशी पाव किलो जिलबी आणि जत्रेला अर्धा किलो खाजं, हे दोन खर्च आई कधी अडवायची नाही. अण्णा मला खांद्यावर घ्यायचे. कापसाचे तंतू त्यांच्या केसांत असायचे आणि माझ्या हातातलं खाजं त्यांना चिकटायचं.

१९८२ च्या जत्रेत आम्ही असेच गेलो होतो. मी पाचवीत होते, खांद्यावर बसायचं वय संपलं होतं, तरी बसले. संक्रांत झाली आणि १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांची गोष्ट आहे. भोंगा वाजायचा थांबला, मग जिलबी थांबली, मग काकांनाही रोज येणं जमेना. अण्णा गावी जाऊन भातशेती करू लागले. पुढच्या जत्रेला ते मुंबईत नव्हते.

त्या वर्षी आईने हलवा करायला घेतला. घरी थोडा हलवा ती दर संक्रांतीला करायचीच, देवापुढे आणि आम्हा मुलांसाठी. आता दादरच्या एका दुकानासाठी करू लागली. मार्गशीर्ष लागला की पहाटे तीनला शेगडी पेटायची. आमची एक खोली, दहा बाय बारा. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी काढायची, पाक एकतारी ठेवायचा. पितळी परातीत तीळ किंवा खसखस किंवा साबुदाणा, परात मंद निखाऱ्यावर, आणि चमचा-चमचा पाक घालत बोटांनी सतत फिरवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना धरतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. हात थांबला तर काटा येत नाही. हवा दमट असेल त्या दिवशी कितीही फिरवा, दाणा गुळगुळीतच. म्हणून पहाटेच्या थंडीत करायचं, आणि एका परातीला तीन-चार दिवस लागायचे, रोज थोडे थर. आईच्या चारही बोटांची टोकं लाल होऊन सोलवटायची. ती त्यांना खोबरेल लावून पदरात गुंडाळून बसायची आणि दुपारी सुई घ्यायची.

आम्ही दोघं दोरा ओवायचो, काळ्या कापडाच्या पट्ट्या कापायचो, मोती मोजून द्यायचो. दाणे ओवताना फुटले ते आमचे. शेजारच्या काकू गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. कामगारच गावाला गेले म्हटल्यावर त्यांची ताटं अर्ध्यावर आली. त्याही दुपारी येऊन दागिने ओवू लागल्या. खानावळी चालवणाऱ्या या बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच काढलं होतं. काकू त्यात होत्या आणि आईला व्यवहार त्यांनीच शिकवला. रेशनची साखर पुरायची नाही, उधारीची वेगळी लिहून ठेवायची, दुकानदाराला माल मोजून द्यायचा आणि चिठ्ठी घ्यायची.

गिरणगावाच्या त्या वर्षांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मोर्चांवर, नेत्यांवर, मालकांवर. पहाटे तीनच्या परातीवर मी कुठे फारसं वाचलं नाही. पण माझी सहावी-सातवीची फी त्या परातीतून गेली, दादाचं दहावीचं पुस्तक त्यातून आलं, आणि दादर-माटुंग्याच्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या गळ्यात आईच्या हातचं मंगळसूत्र होतं. लहानपणीचं गोडधोड आठवलं की लोक म्हणतात, काय सुखाचे दिवस होते. आमचे तसे नव्हते, आणि तरी त्या दाण्याइतकं गोड मी दुसरं काही खाल्लेलं नाही. या दोन्ही गोष्टी मला एकदमच सांगायच्या आहेत.

आज जत्रेत खाजेवाल्याने तराजूत खाजं टाकलं आणि वर दोन कांड्या जास्तीच्या ठेवल्या. "खंयचे तुम्ही?" दादाने गावाचं नाव सांगितलं. तो शेजारच्याच वाडीतला निघाला. त्याने आणखी दोन टाकल्या. पुलाकडून येणारी गर्दी वाढत होती. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींचे दिवे लागले होते आणि खाली तीच खाज्यांची रास. आजीबाई, ऑफिसातून थेट आलेल्या मुली, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. दादाने नातीला खांद्यावर घेतलं. तिच्या हातात अजून खाजं देता येत नाही, दातच दोन आलेत. तिने दादाचे केस घट्ट धरले.

मंगळवार, संक्रांत

बोरन्हाण संध्याकाळी पाचला. इमारतीतली दहा-बारा मुलं आणि त्यांच्या आया. हॉलमध्ये चादर अंथरली, पाटावर नात. काळं झबलं, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. मुकुट तिने दोनदा ओढून काढला. बाजूबंदाचा एक दाणा तोंडात गेला आणि तिचे डोळे मोठे झाले. वहिनी तो काढायला धावली. मी म्हटलं, "राहू दे गं, साखरच आहे, विरघळेल. तीळ तेवढा बघ." दाणा मात्र चटकन काढून घेतला, कारण भाच्याच्या बायकोचा चेहरा बघवेना.

चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या आणि गोळ्या एकत्र करून ठेवल्या होत्या. गोळ्या आणण्याचं काम दादाने कुणाला दिलं नव्हतं. त्याने लालबागच्या जुन्या वाण्याकडून लिमलेट, श्रीखंडाच्या गोळ्या, जिरागोळ्या आणि शोधून शोधून रावळगावच्या गोळ्या आणल्या. वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. शाळेच्या मधल्या सुट्टीतलं आमचं सगळं देणं-घेणं या गोळ्यांत चालायचं. खोडरबर उसना, एक गोळी. गृहपाठ दाखवला, दोन गोळ्या. २०२४ मध्ये या गोळ्यांचा धंदा २७ कोटींना रिलायन्सकडे गेला. वेष्टनाचा चुरचुर आवाज अजून तोच आहे, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

औक्षण झालं. पाच जणींनी नातीच्या डोक्यावरून हळूच ओंजळी सोडल्या. पहिली बोरं पडली आणि मुलं तुटून पडली. सतराव्या मजल्यावरची, रोज हवं ते घरपोच मागवणारी ही मुलं चादरीवर आडवी होऊन एकमेकांच्या हातातली गोळी हिसकावत होती. एका मुलाने फ्रॉकवालीला ढकललं, तिने त्याच्या खिशात हात घालून त्याच्या जिरागोळ्या काढून घेतल्या. मला बरं वाटलं. एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, ही आतून चॉकलेट आहे का?" मी म्हटलं, "नाही, आतूनही लिमलेटच." तो विचार करत चघळत राहिला आणि मग परत घुसला.

सगळे गेल्यावर भाच्याची बायको दागिने डब्यात भरत होती. म्हणाली, "आत्या, हे पुढच्या वर्षी आपण घरी करू या का? तुम्ही शिकवाल?"

दादा आतून म्हणाला, "परात माळ्यावर आहे. आईची."

"शेगडी?"

"गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवायची," मी म्हटलं. "आच अगदी बारीक. पण पंखा आणि एसी बंद. आणि मुंबईची हवा बघावी लागेल, डिसेंबरात थंडी पडेल त्या आठवड्यात मी येईन. कळवा मला."

तिने फोन काढला आणि लिहायला लागली. साखर किती, विचारलं. मी म्हटलं, "आधी एक किलो. आणि तुझ्या ऑफिसला चार दिवस सुट्टी टाक, पहाटे तीनला उठायचंय."

"तीनला?" ती म्हणाली.

"तीनला," दादा म्हणाला. "दोरा मी ओवीन."